येतो म्हणणारा सिस्टर

यतीन पोंक्षे आमच्या घरातून कधीही एका दमात निघालेला नाही. तो समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो. त्याच्या दारापासून माझ्या दारापर्यंत मोजून सात पावलं आहेत, पण ती चालायला त्याला वीस मिनिटं लागतात. आधी खुर्चीतून उठून "चला, येतो" म्हणणार. मग चपला घालताना "येतो हं, चित्राताई." मग दार उघडून कडीवर हात ठेवला, की नेमकी त्याला काहीतरी महत्त्वाची गोष्ट आठवणार. ती सांगून झाली की पुन्हा "येतो." मी तापट बाई आहे. तिसऱ्या 'येतो'ला मी सरळ म्हणते, "जा रे बाबा आता." मग त्याचा चेहरा पडतो.

"जा काय म्हणता? 'ये' म्हणावं."

हे त्याच्या आईचं शिक्षण. सहा वर्षांचा असताना तो एकदा शाळेत निघताना "आई, जातो" म्हणाला होता. आईने त्याला जिन्यातून परत बोलावलं, पाटावर बसवलं, दोन घोट पाणी पाजलं आणि "येतो म्हण, मग नीघ" असं सांगितलं. शाळेची रिक्षा चुकली. तेव्हापासून या माणसाच्या तोंडून निघताना 'जातो' कधी आलं नाही, आणि कोणाला निरोप देताना 'जा'ही नाही.

आमची बिल्डिंग सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलला, स्टेशनपासून आठ मिनिटांवर. लाल विटांची, तीन मजली, बिनलिफ्टची. मी कौन्सिलच्या लायब्ररीत काम करते. यतीन, त्याची बायको सरिता आणि मुलगी उर्वी बारा वर्षांपूर्वी समोर राहायला आले. सरिता रेल्वेच्या कामांवर इंजिनियर आहे, मोजकं बोलणारी. यतीन सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे त्याचं अठरा वर्षांचं काम. त्यातली नऊ पुण्यात आणि नऊ सिडनीत. काम तो चोख करायचा, पण त्याबद्दल बोलताना मी त्याला कधी खूश पाहिलं नाही. बोलायचाच नाही तो कामाबद्दल. मेथीची जुडी कुठल्या दुकानात ताजी मिळते, यावर अर्धा तास बोलायचा.

तीन वर्षांपूर्वी उर्वी शाळेच्या मैदानातल्या मंकी बारला लोंबकळताना पडली आणि तिचं मनगट मोडलं. यतीन तिला घेऊन इमर्जन्सीत सहा तास बसला होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला तो वेगळाच.

"चित्राताई, तिथे एक नर्स होती. उर्वीला म्हणाली, आय विल बी बॅक इन ट्वेंटी मिनिट्स. मी घड्याळ लावलं."

"मुलीचा हात मोडलाय आणि तू घड्याळ लावतोस?"

"सवय हो. एकोणीस मिनिटांनी आली. मग म्हणाली, दहा मिनिटांनी येते. दहा मिनिटांनी आली. सहा तासांत पाच वेळा असं झालं. अठरा वर्षांत मला कोणी सांगितलेल्या वेळेला काम दिलेलं नाही. आणि त्या बाईला त्या हॉलमधली चाळीस माणसं सांभाळायची होती. औषध देताना दर वेळी नाव विचारायची, जन्मतारीख विचारायची, हातातला पट्टा बघायची. एकाच मुलीला पाच वेळा! टेस्टिंगच आहे हो ते. पण खरं. तिसऱ्या वेळेनंतर उर्वी रडायची थांबली, कारण तिला माहीत होतं की ती येणार."

त्या नर्सचं नाव विचारायचं मात्र तो विसरला.

चार महिन्यांनी त्याने जाहीर केलं, की तो नर्स होणार. वय त्रेचाळीस. आधीची पदवी असलेल्यांसाठी इथे नर्सिंगचा जलद कोर्स असतो, तीन वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत. आधीच्या शिक्षणाचे काही विषय माफ होतात, बाकी सगळं धावतपळत करायचं. शिवाय आठशे तास प्रत्यक्ष वॉर्डमध्ये.

मी म्हटलं, "वेड लागलंय तुला." मी खोटं कशाला सांगू? मला खरंच तसं वाटलं होतं. अहो, चांगली एसीतली नोकरी, आणि हा माणूस लोकांची भांडी धरायला निघाला! सरिताने मात्र फक्त एवढं विचारलं, "तुला हवंय ना? मग घराचं मी बघते." मला त्या दिवशी माझ्या तोंडाची थोडी लाज वाटली.

खरी पंचाईत झाली ती पुण्याला, त्याच्या आईकडे. फोन स्पीकरवर होता आणि मी तिथेच होते.

"नर्स म्हणजे सिस्टर ना रे?" आई म्हणाल्या. "मग तुला हाक काय मारायची? ब्रदर?"

"यतीन म्हणायचं, आई."

"ते ठीक आहे. पण मी लोकांना काय सांगू?"

आईंनी लोकांना सांगितलं, की यतीन हॉस्पिटलमध्ये ऑफिसर म्हणून लागतोय. कसला ऑफिसर, असं कोणी विचारलं की त्या चहा ठेवायला आत जात.

पुढची दोन वर्षं आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी धडधाकट असूनही सुटलं नाही. यतीन पट्टा घेऊन जिन्यात उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं ब्लडप्रेशर मोजायचा. खालच्या मजल्यावरचा लेबनीज म्हातारा तर रोज सकाळी बाही वर करूनच बाहेर पडायचा. चादरीचे कोपरे घट्ट कसे दुमडायचे, याचा सराव त्याने माझ्या पलंगावर केला. मी आठवडाभर पाकिटात घातल्यासारखी झोपले. इंजेक्शनं त्याने संत्र्यांना टोचली आणि ती संत्री नंतर मलाच आणून दिली. "फक्त पाणी आहे हो त्यात," म्हणाला.

निबंध लिहिताना संदर्भ कसे द्यायचे, ते मी त्याला शिकवलं. लायब्ररीतल्या बाईचा तेवढा तरी उपयोग. पहिल्या निबंधाला जेमतेम पास झाला, शेवटच्याला वर्गात दुसरा आला. त्या दिवशी जिन्यातून ओरडत वर आला आणि नेहमीप्रमाणे वीस मिनिटं दारात उभा राहिला. आता तो कामाबद्दल बोलायचा. मेथीचं नावही काढायचा नाही. कोणत्या आजीला केस विंचरून हवे होते, कोणत्या आजोबांनी आज पहिल्यांदा सूप संपवलं, हेच चालायचं. मी त्याच्यावर वैतागायचे आणि तो गेला की घर एकदम शांत वाटायचं.

मग आलं शेवटचं प्लेसमेंट, म्हणजे वॉर्डातलं शिकाऊ काम. सहा आठवडे, हाडांच्या वॉर्डमध्ये. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. तेवढे आठवडे पास झाला की पदवी हातात. फेब्रुवारीपासून नव्या नर्सची नोकरीही त्याच वॉर्डात ठरलेली होती. नापास झाला तर सहा महिने पुन्हा, आणि ती जागा दुसऱ्याला. विद्यार्थ्यांवर देखरेख करायला युनिव्हर्सिटीतर्फे ब्रॉनविन नावाची बाई होती. तीस वर्षं नर्सिंग केलेली, करवतीसारखी धारदार. यतीन तिला घाबरायचा आणि मनातून तिच्यासारखं व्हायचं ठरवायचा.

त्याच वॉर्डात कीथ होते. वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं. चाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काम केलेला माणूस. बायको गेलेली, मुलगा पर्थला, म्हणजे इथून विमानाने पाच तास. कीथ कोणाशी फारसं बोलायचे नाहीत, पण यतीनशी त्यांचं जमलं. यतीनने त्यांना पुढच्या केबिनकडून गाडीची खबर कशी यायची ते विचारलं, आणि मग रोज अंघोळीच्या वेळी घंटेचा एकेक इशारा शिकून घेतला. त्यांना उठवून चालवायचं काम यतीनच करायचा. दुसरं कोणी आलं की कीथ म्हणायचे, "नो वरीज, ही विल डू इट."

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी यतीनची शिफ्ट साडेतीनला संपली. तो घरी आला, उर्वीला पोहायला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात पाऊल ठेवतो तोच ब्रॉनविनने त्याला बाजूच्या खोलीत बोलावलं.

आदल्या संध्याकाळी सहाला कीथ एकटेच उठून उभे राहायला गेले होते. बाथरूमला जायचं होतं. शिफ्टवरच्या नर्सने दोनदा विचारलं होतं, पण त्यांनी तिला परत पाठवलं. शेवटी गुडघे दुमडले आणि ते जमिनीवर बसले. नशिबाने हाड शाबूत राहिलं, नुसतं कोपर खरचटलं. बेल का नाही दाबली, असं विचारल्यावर ते म्हणाले, "यतीन येणार होता. तो सांगून गेला होता. मी अडीच तास वाट पाहिली."

ब्रॉनविनने विचारलं, "शिफ्ट संपताना तू त्यांना परत येतो असं सांगितलंस का?"

"नाही," यतीन म्हणाला. आणि त्याला ते मनापासून खरं वाटत होतं.

ब्रॉनविनने वॉर्डात चौकशी केली. शेजारच्या पलंगावरचा ग्रीक माणूस म्हणाला, "ऑफ कोर्स. रोज म्हणतो. आय विल कम, आय विल कम. मग गायब." समोरच्या खोलीतल्या दोन बायकांनीही तेच सांगितलं. एक तर म्हणाली, की पहिल्या दिवशी तिने त्याच्यासाठी बिस्किटं राखून ठेवली होती.

आता गोष्ट पेशंटच्या पडण्यापुरती राहिली नाही. विद्यार्थी पेशंटना खोटी आश्वासनं देतो आणि विचारलं तर नाकबूल करतो, असा त्याचा अर्थ झाला. नर्सचं कौशल्य कमी पडलं तर शिकवता येतं, खोटेपणाला औषध नाही. ब्रॉनविनने त्याला सांगितलं, की सोमवारी मीटिंग होईल. तोपर्यंत काय घडलं ते एका पानावर लिहून आण. आणि खरं लिही.

शुक्रवारी दुपारी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. कागद पुढे ठेवला. वर नुसती तारीख होती.

"मी काय लिहू, चित्राताई? मी कधी तसं म्हटलंच नाही. पण चार माणसं सांगतायत. चार माणसं कशाला खोटं बोलतील? त्यांना माझ्याबद्दल राग नाही. कीथ तर माझ्या बाजूने बोलतायत, म्हणतात ट्रेन लेट झाली असेल."

"आठव नीट. एखाद्या वेळी घाईत म्हटलं असशील."

"अहो, कसं म्हणेन? मी ज्या एका वाक्यासाठी या सगळ्यात पडलो, तेच वाक्य! ती बाई वीस मिनिटं म्हणाली आणि एकोणिसाव्या मिनिटाला आली, म्हणून मी नोकरी सोडली. आणि मी पेशंटला येतो म्हणून येणार नाही?" त्याने कागद ओढून घेतला. "लिहितो की म्हटलं मी, सॉरी. संपवून टाकतो. पण मग ते खोटं होईल. आणि नाही म्हटलं लिहिलं, तर त्यांच्या लेखी ते खोटं."

मला त्या ब्रॉनविनचा असा संताप आला! मी म्हटलं, मी येते सोमवारी, बघते तिच्याकडे. तो "नको नको" म्हणाला. चहासुद्धा प्यायला नाही. कागदाची घडी घालून उठला, चपला घातल्या, दार उघडलं.

"येतो, चित्राताई."

मी "जा" म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"काय म्हणालास?"

"काही नाही. येतो म्हटलं."

"कुठे येतोस?"

"कुठे म्हणजे? घरी निघालोय ना."

"मग वॉर्डातून घरी निघताना कीथना काय म्हणतोस?"

त्याने कडीवरचा हात काढला. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तो मनातल्या मनात त्या वॉर्डाच्या दारात जाऊन उभा राहिला होता. बॅग खांद्याला, एक पाय बाहेर, आणि मागे वळून...

"ओके कीथ," तो हळूच म्हणाला. "आय विल कम, हं."

मग मला जे हसू फुटलं! मी भिंतीला टेकले, खाली बसले, डोळ्यांतून पाणी. तोही हसायला लागला, मग रडायला, मग पुन्हा हसायला. आवाज ऐकून समोरचं दार उघडलं आणि उर्वी बाहेर आली. तिला सगळं सांगितलं. तिला काही विशेष वाटलं नाही.

"बाबा, यू से इट टू एव्हरीवन," ती म्हणाली. "यू सेड इट टू माय डेंटिस्ट. शी हेल्ड द डोअर ओपन."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"आय थॉट यू न्यू."

ऑफिसात नऊ वर्षं तो हेच म्हणत असणार. पण टेस्टर येतो म्हणून आला नाही, तर कोण वाट बघतंय? लोक सुटकेचा निःश्वास टाकत असतील. वॉर्डातली माणसं मात्र वाट बघतात. त्यांना दुसरं कामच नसतं.

त्या कागदावर यतीनने स्वतःच्या हाताने एक पान लिहिलं. मी एक शब्दही बदलू दिला नाही, संदर्भही घालू दिले नाहीत. आमच्या घरी निघताना जातो म्हणत नाहीत, कारण जाणं म्हणजे कायमचं जाणं. म्हणून निघणारा माणूस येतो म्हणतो आणि घरातला माणूस ये म्हणतो. मला वाटत होतं मी बाय म्हणतोय. माझी भाषा बरोबर होती, पण कीथना ती येत नव्हती, आणि ते बघणं माझं काम होतं. असं त्याने लिहिलं. शेवटचं वाक्य होतं, की अठरा वर्षं मी लोकांच्या चुका शोधल्या, ही माझी मला सापडली नाही.

सोमवारी ब्रॉनविनने ते पान दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाली, "इट्स अ लव्हली कस्टम. अँड ही कुड हॅव ब्रोकन द अदर हिप." दोन्ही गोष्टी एकाच सुरात. यतीनने हे सांगितलं तेव्हा मला ती बाई पहिल्यांदा आवडली. तिने त्याला पास केलं नाही आणि नापासही केलं नाही. उरलेले दोन आठवडे अट घातली. निघताना पेशंटला जे सांगशील, ते त्याच्या पलंगावरच्या पांढऱ्या फळ्यावर वेळेसकट लिहायचं, आणि लिहिलं की पाळायचं. एकदा जरी चुकलं तर विषय संपला.

यतीन तिथून थेट कीथकडे गेला आणि माफी मागितली. सगळं समजावून सांगितलं. कीथ म्हणाले, "मेट, माझ्या केबिनमध्ये गाडीची घंटा वाजली आणि गाडी आली नसती, तर मीसुद्धा रिपोर्ट केला असता." मग म्हणाले, "तो शब्द काय आहे? म्हण पुन्हा."

"येतो."

"येटो," कीथ म्हणाले. आणि मग दोन आठवडे त्यांनी त्या शब्दाला सुटी दिली नाही. फिजिओच्या खोलीत निघाले की येटो. बाथरूमला निघाले की येटो. वर पुन्हा पक्कं विचारायचे, "मी निघतोय, म्हणून मी म्हणायचं ना?" सिग्नलवाला माणूस, नियम आधी समजून घेणार.

फळ्यावर यतीनच्या अक्षरात रोज ओळी येऊ लागल्या. पाणी आणतो, दहा वाजून पाच मिनिटं. चालायला जाऊ, अकरा. आज घरी निघालो, उद्या सात वाजता भेटू. एकदा ट्रेन बंद पडली तर हा माणूस वेस्टमीड स्टेशनपासून चक्क पळत गेला आणि सात वाजायला दोन मिनिटं असताना घामाघूम होऊन कीथच्या पलंगाशी उभा राहिला. कीथनी घड्याळ बघून मान डोलावली. या दोन आठवड्यांत त्याने एकही ओळ चुकवली नाही. सरिता म्हणाली, की तो आता घरीसुद्धा फ्रिजवर वेळ लिहून भाजी आणायला जातो.

शेवटच्या शुक्रवारी कीथना घरी सोडणार होते. मुलगा पर्थहून आला होता. यतीनचाही तो शेवटचा दिवस. ब्रॉनविन हातात त्याचे कागद घेऊन वॉर्डाच्या दाराशी उभी होती. सही अजून केलेली नव्हती. यतीन सांगतो, की त्याला तिच्या हातातलं पेन दिसत होतं आणि बाकी काही दिसत नव्हतं.

कीथ चाकाच्या वॉकरला धरून, पण स्वतःच्या पायांनी, दारापर्यंत चालत आले. तिथे थांबले. मागे वळले. दोन आठवडे पाठ केलेला शब्द आता खऱ्या दारात म्हणायचा होता. छाती पुढे काढून ते म्हणाले, "वेल, यतीन. येटो."

यतीनने सवयीने 'ये' म्हणायला तोंड उघडलं. आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण कुठे उभे आहोत. या दारातून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ये म्हणायचं?

"नो, कीथ," तो म्हणाला. "इथे तो शब्द नाही चालत. यू गो. डोन्ट कम बॅक." आणि मग मराठीत, मोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाला तरी म्हणाला, "जा!"

कीथचा मुलगा बघतच राहिला. ब्रॉनविनच्या भुवया वर गेल्या. नर्सने पेशंटला परत येऊ नकोस म्हणायचं? पण कीथना क्षणात कळलं. ते इतके हसले, की वॉकरही हलायला लागला. "लाइन क्लिअर," ते म्हणाले, आणि मागे न बघता लिफ्टकडे चालू लागले.

ब्रॉनविनने यतीनला विचारलं, त्यांना शेवटी काय म्हणालास? त्याने सांगितलं. तिने तिथेच, भिंतीला कागद टेकवून, सही केली.

तो दुपारी सरळ माझ्याकडे आला. पेढे आणले होते आपल्या इथल्या मेन स्ट्रीटवरून. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, आईला फोन लावू. पुण्यात सकाळ होती. पास झालो म्हटल्यावर आई "बरं झालं बाई" म्हणाल्या, आणि मग त्याने कीथची गोष्टही सांगितली. सांगता सांगता चाचरला.

"मी त्यांना जा म्हटलं, आई. चुकलं का?"

पलीकडे आईंनी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हॉस्पिटलातून निघतानाच ना? मग त्यात चुकलं काय?" आई म्हणाल्या. "तू झालास ना, तेव्हा एवढासा होतास. उरतोस की नाही असं होतं. एकवीस दिवस होते मी तिथे. एक सिस्टर होती, काळी, उंच. दर दोन तासांनी तुला चमच्याने दूध पाजायची. पाजून झालं की मला म्हणायची, 'तुम्ही झोपा, मी दोन तासांनी येते.' आणि यायची रे. एकदाही चुकली नाही. मी झोपू शकले ती त्यामुळे. निघताना मी आपली सवयीने म्हणाले, 'येते हं, सिस्टर.' तर अशी खेकसली माझ्यावर! 'येते काय येते? जा म्हणते ना! त्याला घेऊन जा आणि परत मला इथे दिसू नका.' मला इतका राग आला होता."

यतीनच्या हातातला पेढा तसाच होता.

"नाव नाही विचारलं मी तिचं," आई म्हणाल्या. मग एकदम आवाज चढवून, "आणि ते ऑफिसर-बिफिसर आता बंद. कोणी विचारलं तर सांगणार, माझा मुलगा सिस्टर आहे म्हणून. कोणाला हसायचं तर हसू दे. ठेवते."

फोन बंद झाला. यतीन उठला, चपला न घालताच दार उघडलं आणि सरिताला सांगायला तसाच पळत सुटला. पहिल्यांदाच माझ्या घरातून एका दमात निघाला, एक शब्दही न बोलता.

मी दारात जाऊन ओरडले, "यतीन! परत ये. इथे बस."

तो मुकाट्याने आला. मी त्याला खुर्चीत बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला. दोन घोट प्यायला. शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

"येतो, चित्राताई," तो म्हणाला.

"ये," मी म्हटलं.